यंत्रं लख्ख, माणसं मळलेली

पाणबुडीच्या गेममध्ये शिडीवरून आत उतरलं की सगळ्यांत आधी गंज दिसतो. भिंतींवर तांबूस ओघळ, पाइपांच्या सांध्यांवर पोपडे, झडपांच्या चाकांवर मळाचा थर. आणि या सगळ्याच्या मधोमध उभा असलेला अधिकारी मात्र स्वच्छ कोटात, कॉलर ताठ, चेहरा ताजातवाना. असं चित्र इतक्या वेळा डोळ्यांसमोरून गेलेलं असतं की तेच खरं वाटू लागतं. प्रत्यक्षात गोष्ट बरोबर उलटी होती. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीत यंत्रं लख्ख असत आणि माणसं मळलेली.

आधी गंजाचं पाहू. 'दास बूट' ही कादंबरी आणि तिच्यावरचा 1981 चा चित्रपट ज्या पाणबुडीवर बेतलेला आहे, ती यू-96 नौदलात दाखल झाली 14 सप्टेंबर 1940 रोजी. कादंबरीचा लेखक लोथार-ग्युंटर बुखहाइम युद्धवार्ताहर म्हणून तिच्यावर चढला 1941 च्या हिवाळ्याच्या तोंडावर. म्हणजे बोट तेव्हा जेमतेम तेरा महिन्यांची होती. कित्येक यू-बोटी, म्हणजे जर्मन पाणबुड्या, तर त्याहून लहान वयात बुडाल्या. अनेकींची पहिली किंवा दुसरी मोहीमच शेवटची ठरली. त्यांना जुनं व्हायला वेळच मिळाला नाही. आतून त्या फिक्या रंगात रंगवलेल्या असत, अधिकाऱ्यांच्या जागेत वॉर्निश केलेल्या लाकडी फळ्या असत. सतत ओल असल्यामुळे कानाकोपऱ्यांत गंज धरायचा, पण गेममध्ये दिसतो तसा भंगारबाजारातला गंज नव्हे. मला वाटतं, गेमचे चित्रकार संदर्भासाठी जी छायाचित्रं पाहतात ती आजच्या संग्रहालयांतल्या बोटींची असतात. जर्मनीत कील शहराजवळ लाबो इथे किनाऱ्यावर ठेवलेली यू-995 ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. ती 1943 ची बांधणी आहे. तिच्या अंगावर दिसतात ती तिच्या म्हातारपणाची वर्षं आहेत, युद्धाची नाहीत.

इंजिनरूममधल्या माणसाच्या हातात कायम चिंधी असायची, तीही हौसेखातर नव्हे. पुसलेल्या पितळेवर तेलाचा एक थेंब आला तरी दिसतो. मळक्या पितळेवर गळती सुरू होऊन तास उलटला तरी कळत नाही. तळात साठलेलं तेल पाण्याबरोबर बाहेर गेलं, तर समुद्रावर तवंग उठतो आणि वरून जाणाऱ्या विमानाला तो तवंग म्हणजे पत्ता लिहिलेलं पाकीट. झडप अडकली, मापकाची काच धुरकटली, तर बुडी मारताना पाच-दहा सेकंद वाया जातात. यंत्राची स्वच्छता ही इथे जगण्याची अट होती. माणसाच्या स्वच्छतेला मात्र जागा नव्हती, पाणी नव्हतं आणि वेळही नव्हता.

जागेचा हिशेब आपल्या मापाने करून पाहू. अटलांटिकमध्ये सर्वांत जास्त वापरली गेली ती सातव्या प्रकारातली 'सी' बोट, टाइप VIIC. एकूण लांबी 67 मीटर, पण बाहेरचं कवच, टाक्या आणि निमुळती टोकं वगळली तर माणसं राहत ती दाबसह नळी साधारण 50 मीटरची. मुंबईच्या लोकलचे अडीच डबे एकापुढे एक लावा. नळीचा सर्वांत मोठा व्यास 4.7 मीटर, म्हणजे लोकलपेक्षा थोडा जास्त. पण त्यातला खालचा भाग बॅटऱ्यांनी आणि टाक्यांनी भरलेला. आता या अडीच डब्यांत दोन मोठी डिझेल इंजिनं ठेवा, दोन विजेच्या मोटरी ठेवा, सात-सात मीटर लांबीचे आणि दीड-दीड टन वजनाचे टॉर्पेडो ठेवा, नियंत्रण कक्ष ठेवा, स्वयंपाकघर म्हणून एक कोनाडा ठेवा. उरलेल्या फटींत 44 ते 52 माणसं सहा-सात आठवडे राहणार आहेत.

सर्वांत दाटी पुढच्या टॉर्पेडो-कक्षात. साधे खलाशी तिथेच झोपत, तिथेच जेवत. बंक कमी, माणसं जास्त. एक पहाऱ्यावर गेला की दुसरा त्याच्या अजून गरम असलेल्या गादीवर अंग टाकी. मोहिमेच्या सुरुवातीला जादा टॉर्पेडो त्याच खोलीत असल्यामुळे नीट उभं राहायला किंवा टेबल मांडायलाही जागा नसे. एखादं जहाज बुडवल्याच्या आनंदात, आता टॉर्पेडो कमी झाला आणि बसायला जागा झाली, हाही आनंद मिसळलेला असायचा. हा तपशील मला फार बोलका वाटतो. गेममध्ये टॉर्पेडो सुटला की स्क्रीनवरचा एक आकडा कमी होतो. बोटीत टॉर्पेडो सुटला की पाय पसरायला मिळत.

बोटीत संडास दोन होते. त्यांतला स्वयंपाकघराला लागून असलेला निघतानाच डबे आणि पोत्यांनी गच्च भरलेला असे, कारण धान्य ठेवायला दुसरी जागा नव्हती. आतला शिधा खाऊन संपेपर्यंत, म्हणजे कित्येक आठवडे, पन्नास माणसांना एकच संडास. चाळीत राहिलेल्या माणसाला सकाळची रांग ठाऊक आहे, पण चाळीत खाली उतरून बाहेर जाता येतं.

इथे एक पाव जवळून पाहू या. बंदरातून निघताना काळसर, घट्ट जर्मन पाव जाळ्यांत भरून छताला टांगलेले असत. सॉसेज आणि खारवलेलं मांसही पाइपांच्या मधूनच लोंबत असायचं. पहिले काही दिवस चैन. दोन-तीन आठवड्यांत त्या ओलसर, उबदार हवेत पावाच्या अंगावर बुरशी धरू लागे आणि बघता बघता तो पांढऱ्या लवेने मढून जाई. खलाशी त्यांना 'ससे' म्हणत. पाव घ्यायचा तो सशाला कान धरून उचलावा तसा. सुरीने वरचा जाड थर कापून टाकायचा, आत मुठीएवढा खाण्याजोगा भाग उरे तो वाटून घ्यायचा. त्यालाही डिझेलची चव असे, कारण बोटीत कशालाच डिझेलची चव चुकली नव्हती. ताजं संपलं की पुढचे सगळे आठवडे डबाबंद अन्न.

गोडं पाणी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी. अंघोळ नाही. खाऱ्या पाण्यात फेस येईल असा खास साबण दिलेला असे, पण त्याने अंग धुतलं की कातडीवर चिकट थर राही, म्हणून बरेच जण त्याच्या वाटेला जात नसत. दाढी वाढू दिली जायची. अंघोळीऐवजी कोलोन पाणी मिळायचं. घामावर, तेलावर आणि समुद्राच्या मिठावर ते शिंपडलं जायचं. वरच्या ब्रिजवर चार तास लाटा अंगावर घेऊन पहारेकरी खाली येत तेव्हा त्यांचे कपडे निथळत असत, आणि ते वाळवायला कोरडी हवा संपूर्ण बोटीत कुठे नव्हती. बाहेर अटलांटिकचं थंड पाणी, आत माणसांची ऊब; लोखंडी भिंतीच्या आतल्या अंगाला पाणी सुटे आणि बंकवर टपकत राही. गाद्या ओल्या, ब्लँकेटं ओली, नकाशाचे कागदही ओलसर.

'दास बूट'च्या चमूने हे ओळखलं होतं. नटांना उन्हात जाऊ न देता त्यांचे चेहरे फिके ठेवले, आणि चित्रीकरण कथेच्या क्रमाने केलं, म्हणजे दाढ्या खरोखर वाढत गेल्या. छायालेखक योस्ट व्हाकानो हातातला कॅमेरा घेऊन त्या अरुंद बोळातून पळत असे. नंतरच्या बहुतेक गेमवर या चित्रपटाची छाप आहे. गेमने त्याचा लाल दिवा घेतला, घामेजलेल्या चेहऱ्याचा कप्तान घेतला, पाइप फुटून पाणी उडतं तो क्षण घेतला. दाढी हळूहळू वाढत जाते, ते घेणं मात्र राहून गेलं.

यात निर्मात्यांचा आळस नाही. घाण ही दिवसागणिक साचत जाणारी गोष्ट आहे, आणि गेमला दिवस परवडत नाहीत. 2005 च्या 'सायलेंट हंटर III'मध्ये काळाची गती हजारपटीपर्यंत वाढवता येते. बिस्केच्या आखातापासून ग्रीनलंडच्या दक्षिणेपर्यंतचा प्रवास, खऱ्या बोटीत जो दीड-दोन आठवडे ओकाऱ्या काढत व्हायचा, तो इथे चहा गार व्हायच्या आत होतो. काळाची गती खाली येते ती क्षितिजावर धूर दिसला की. म्हणजे खेळाडू जगतो ते सगळे क्षण शिकारीचे किंवा सुटकेचे. मधला काळ, ज्यात पाव ससा होतो आणि माणसं एकमेकांच्या श्वासाला कंटाळतात, तो गाळला जातो. या मालिकेत थकव्याची सोय केलेली होती. माणसं दमली की त्यांना उचलून बंकच्या कप्प्यात टाकायचं, ताजी माणसं इंजिनपाशी आणायची. कल्पना प्रामाणिक होती. पण काळाची गती वाढवली की माणसं भराभर दमत आणि खेळाडू सतत चित्रं इकडून तिकडे सरकवत बसे. शेवटी खेळाडूंनीच मॉड तयार करून थकवा कमी केला किंवा काढून टाकला.

2010 च्या 'सायलेंट हंटर 5'ने वेगळी वाट धरली. तिथे खेळाडू कप्तानाच्या डोळ्यांनी बोटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालू शकतो, खलाशांशी बोलू शकतो, त्यांच्या मनोधैर्याचा हिशेबही ठेवला जातो. पुढच्या कक्षातून वाकून जाताना बंकवर बसलेली माणसं पाहणं हा त्या गेममधला सर्वांत चांगला अनुभव आहे असं मी म्हणेन. फक्त ती माणसं पहिल्या दिवशी जशी दिसतात तशीच शेवटच्या दिवशीही. त्यानंतर आलेला पोलिश चमूचा 'यू-बोट' हा गेम बोट उभी कापल्यासारखी दाखवतो; मुंग्यांच्या वारुळाला काच लावावी तशी. त्यात शिधा, हवा आणि शिस्त यांची काळजी घ्यावी लागते, आणि उपाशी, थकलेल्या माणसांकडून काम होत नाही. राहणीमान हा गेमचा नियम बनू शकतो, हे त्याने सिद्ध केलं. माझा आग्रह नेमका इथे आहे. पाणबुडीतली घाण म्हणजे भिंतीवर मारायचा रंग नव्हे. ती घटना घडवत असे, कधी कधी बोट बुडवत असे.

संडासाचंच उदाहरण घ्या. साध्या VIIC बोटीवरचा संडास साधारण 25 मीटरच्या वरच चाले. त्याखाली बाहेरच्या पाण्याचा दाब इतका की आतलं बाहेर ढकलता येत नसे. डेप्थ चार्जच्या माऱ्याखाली बोट तासन्‌तास खोल दडून बसली की बादल्या आणि रिकामे डबे वापरले जात, आणि ते हिंदकळत. ब्रिटिश पाणबुड्यांवरही झडपांचा क्रम चुकला तर भांड्यातलं सगळं दाबाने उलट तोंडावर येई. ब्रिटिश खलाशांनी या प्रकाराला नाव दिलं होतं, त्याचा अर्थ होतो 'आपलं आपल्याला परत मिळणं'.

युद्धाच्या अखेरीस जर्मनांनी खोल पाण्यातही चालेल असा नवा संडास काही बोटींवर बसवला. त्यात मैला आधी एका बंद कोठीत सोडायचा आणि मग दाबाच्या हवेने समुद्रात ढकलायचा. झडपा बऱ्याच, क्रम पक्का, आणि तो ठाऊक असलेला माणूस जवळ हवा. यू-1206 ही त्यांपैकी एक. कप्तान कार्ल-आडोल्फ श्लिट. 14 एप्रिल 1945 रोजी ती स्कॉटलंडच्या पीटरहेड बंदराजवळ समुद्रात साठेक मीटर खोल होती. संडास वापरला गेला, झडप चुकीच्या क्रमाने उघडली आणि समुद्र आत आला. हे कप्तानाच्याच हातून झालं असं एक कथन सांगतं. श्लिटच्या स्वतःच्या सांगण्यानुसार तो तेव्हा इंजिनरूममध्ये होता. पण पुढचं सगळ्यांनाच मान्य आहे. संडासाच्या खालीच बॅटऱ्या होत्या. शिसं आणि आम्लाच्या बॅटरीत खारं पाणी शिरलं की क्लोरीन वायू तयार होतो, आणि बंद नळीत क्लोरीन म्हणजे काही मिनिटांचा प्रश्न. बोट वर आणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. वर ब्रिटिश विमानं होती. हल्ला झाला, बोट सोडून द्यावी लागली. चार माणसं मेली, 46 वाचली. युरोपातलं युद्ध संपायला साडेतीन आठवडे उरले होते. पुढे 1970 च्या दशकात तेलवाहिनीसाठी समुद्रतळाची पाहणी होताना तिचे अवशेष सापडले.

ही हकिकत बहुतेक ठिकाणी गंमत म्हणून सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाही. त्या चार जणांच्या घरी आलेल्या तारेत कारण लिहिलेलं नसणार. गेम बनवणाऱ्यासाठी यात जेवढी सामग्री आहे तेवढी दहा टॉर्पेडो-हल्ल्यांत नाही. एक अवघड यंत्र, ते कळणारा एकच माणूस, तो झोपलेला, आणि कुणाला तरी थांबवत नाही.

हवेचंही तसंच. गेममध्ये ऑक्सिजनची पट्टी असते. ती कमी कमी होत जाते आणि संपली की माणसं मरतात. खऱ्या बोटीत ऑक्सिजन संपण्याच्या कितीतरी आधी कार्बन डायऑक्साइड माणसाला गाठे. हवेत त्याचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास गेलं की धाप लागते, डोकं ठणकतं, विचार जड होतात. म्हणून बुडी लांबली की ज्यांना काम नाही त्यांनी बंकवर पडून राहायचं, बोलायचं नाही, हलायचं नाही, असा हुकूम सुटे. प्रत्येकाला छातीशी धरायचा रसायनाचा डबा मिळे. त्याच्या नळीतून तोंडाने श्वास सोडायचा, आतलं रसायन कार्बन डायऑक्साइड शोषून घेई. डबा तापायचा, नळीने तोंड दुखायचं, लाळ गळायची, आणि हे तोंडात धरून माणसं झोपण्याचा प्रयत्न करत. शांततेचा हा प्रसंग अजून कुठल्या गेमने नीट उभा केलेला मी पाहिलेला नाही. ज्यात खेळाडूला काहीच करता येत नाही असा प्रसंग रचणं फार अवघड असतं, हेही मान्य.

सगळ्या देशांच्या बोटी सारख्या मात्र नव्हत्या, आणि इथे गेमच्या एकसुरी काळोखाला आणखी एक तडा जातो. अमेरिकेच्या गॅटो वर्गातल्या पाणबुड्या 95 मीटर लांब, माणसं 60 ते 80. त्यांच्यात वातानुकूलन होतं, समुद्राचं पाणी गोडं करणारी यंत्रं होती, शॉवर होते, शीतकोठी होती आणि आइसक्रीमचं यंत्रही होतं. वातानुकूलन बसवलं ते फक्त माणसांच्या सुखासाठी नव्हे. पॅसिफिकच्या उष्ण पाण्यात भिंतींना सुटणारं पाणी विजेच्या जोडण्यांत शिरून ठिणग्या उडत, आग लागे, ते टाळायचं होतं. कोरडी हवा यंत्रासाठी आली आणि माणसाला झोप लागू लागली. म्हणूनच पॅसिफिकवरच्या गेममध्ये जर्मन बोटीचाच काळोख आणि तोच घाम दिसला की तो मला चुकीचा वाटतो.

सुखसोयी असल्या तरी कारकुनीपासून सुटका नव्हती. यूएसएस स्किपजॅक या पाणबुडीचा कप्तान जेम्स को याने 11 जून 1942 रोजी मेअर आयलंडच्या नौदल गोदामाला एक पत्र लिहिलं, ते आता प्रसिद्ध आहे. त्याच्या बोटीने 30 जुलै 1941 रोजी संडासाच्या कागदाच्या 150 गुंडाळ्या मागवल्या होत्या. जवळजवळ एक वर्षाने मागणीपत्र परत आलं; त्यावर शेरा होता की वस्तू ओळखता येत नाही, सबब मागणी रद्द. को याने उत्तरात त्या कागदाचा एक तुकडाच नमुना म्हणून जोडला आणि विचारलं की इतके दिवस तुमचं गोदाम कशावर भागवतंय. 1959 च्या 'ऑपरेशन पेटिकोट' या चित्रपटात हा प्रसंग वापरलेला आहे. लढाईत, गर्दीत, कप्तानाला अशा पत्रासाठी वेळ काढावा लागला, यावरून ही गोष्ट बोटीत किती मोठी होती ते कळतं. को पुढच्याच वर्षी सिस्को या पाणबुडीसह बुडाला.

जर्मन बोटींवर मात्र परिस्थिती युद्धाबरोबर बिघडतच गेली. 1944 पासून स्नॉर्केल आला. पाण्याखाली राहूनच डिझेल चालवता यावं म्हणून वर काढलेली ती श्वासनळी. विमानांपासून आडोसा मिळाला, पण बोटीचं वर येणं बंद झालं, आणि त्याबरोबर ताजी हवा, ऊन, कचरा फेकण्याची संधी, सगळंच गेलं. लाट नळीवर चढली की झडप मिटायची आणि धडधडणारी डिझेल इंजिनं बोटीतलीच हवा ओढून घ्यायची. कानाचे पडदे ताणले जात, डोळे बाहेर आल्यासारखे वाटत. कचरा साठत जाई, आणि अखेर रिकाम्या टॉर्पेडो-नळीत भरून टॉर्पेडोसारखाच बाहेर मारला जाई. जर्मन खलाशांच्या भाषेत हा 'कचऱ्याचा बार'. यू-977 चा कप्तान हाइन्ट्स शेफर याने 1945 च्या मे ते जुलैमध्ये आपण सलग 66 दिवस पाण्याखाली होतो असं लिहिलं आहे. त्या आकड्याला काही अभ्यासक आव्हान देतात, पण भिंतींवर चढलेली बुरशी, अंगावर उठलेली गळवं आणि साचलेला कचरा यांचं त्याने केलेलं वर्णन त्या काळातल्या इतर बोटींच्या हकिकतींशी जुळतं.

अशाच एका जर्मन बोटीत आपल्या ओळखीचा एक माणूस होता. सुभाषचंद्र बोस 9 फेब्रुवारी 1943 रोजी कीलहून यू-180 मध्ये बसले, सोबत आबिद हसन. ही बोट मोठ्या आकाराची, पण तिच्यावर बसवलेली जलदगती डिझेल इंजिनं धुरासाठी कुप्रसिद्ध होती. त्या प्रवासातल्या अन्नालाही डिझेलचा वास येई, ही आठवण हसन यांनी पुढे सांगितली आहे. चालायला जागा नाही, दिवस-रात्रीचा फरक नाही, आणि तरीही बोस हसन यांना मजकूर सांगत, कागदपत्रं तयार करत राहिले. 28 एप्रिलला मादागास्करजवळच्या खवळलेल्या समुद्रात रबरी तराफ्यावरून ते जपानी आय-29 वर चढले, तेव्हा या नळीत त्यांचे 78 दिवस गेले होते. आपल्याकडे ही कथा धाडसाची म्हणून सांगतात आणि ती आहेच. पण 78 दिवस अंघोळ नसलेल्या, कोपर टेकायला जागा नसलेल्या माणसाने रोज लिहायला बसणं, यातलं धाडस मला तराफ्यावरच्या धाडसाइतकंच मोठं वाटतं.

ज्याला हे अंगावर घेऊन पाहायचं आहे, त्याने विशाखापट्टणमला जावं. आर. के. बीचवर आयएनएस कुर्सुरा उभी आहे. 1969 ते 2001 नौदलात होती, 2002 पासून संग्रहालय. ती सोव्हिएत बनावटीची, युद्धानंतरची, 91 मीटर लांब, म्हणजे VIIC पेक्षा बरीच ऐसपैस. तिच्या घराण्याचं मूळ मात्र जर्मनांच्या शेवटच्या XXI प्रकारच्या बोटीपर्यंत जातं, जिच्यात शीतपेटी आणि शॉवर होते. कुर्सुराच्या गोल दारातून जाताना आधी एक पाय, मग डोकं, मग दुसरा पाय, असं अंग दुमडावं लागतं. मी तिथे पंधरा मिनिटंही नव्हतो, पुढे-मागे सहलीची मुलं होती, आणि दोनदा डोकं पाइपावर आपटलं. टॉर्पेडोला लागून असलेल्या बंकवर हात ठेवला तर छतापासून तो एक वीत-दीड वीत खाली. कुशीवर वळायचं तर खांदा वर लागेल. हा खांदा गेममध्ये नसतो. गेममधला देह म्हणजे हवेत तरंगणारे दोन डोळे; तो कशाला घासत नाही, त्याला घाम येत नाही, त्याला लघवीला लागत नाही.

आणि पेरिस्कोपच्या पलीकडच्या टोकाला जे जहाज दिसतं, त्यात तर माणूस अजिबातच नसतो. तिथेही एक राहणीमान होतं. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हजारो हिंदी खलाशी होते. डेकवर कोकणातले सारंग, टंडेल आणि खलाशी, खाली भट्टीपाशी पंजाबी आणि सिल्हेटी आगवाले, भटारखान्यात आणि सलूनमध्ये गोव्याचे आचारी आणि बटलर. त्यांच्या झोपायच्या जागाही अरुंद आणि ओल्या, गोऱ्या खलाशांपेक्षा लहान, आणि पगारही कितीतरी कमी. टॉर्पेडो बहुतेक वेळा मध्यावर, इंजिनरूमपाशी मारला जाई. भट्टीवरच्या माणसाला शिडी चढायला वेळ मिळत नसे. यू-बोटींवर गेलेल्या सुमारे 40 हजार जर्मनांपैकी 30 हजारांच्या आसपास परतले नाहीत. हिंदी नौदल आणि व्यापारी जहाजांवरचे समुद्रात नाहीसे झालेले जवळपास साडेसहा हजार खलाशी एका नामावलीत आहेत. तिची एक प्रत चितगावला आहे आणि एक मुंबईत, मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये.

मोहीम संपली की गेम एक पान दाखवतो. बुडवलेल्या जहाजांची नावं, प्रत्येकापुढे टनांचा आकडा, खाली बेरीज, आणि पुढच्या मोहिमेवर निघण्याचं बटण. त्याच वेळी खऱ्या मोहिमेत फ्रान्समधल्या लोरियाँ किंवा सेंट-नाझेरच्या धक्क्यावर बोट लागलेली असे. बँड वाजत असे, फुलं हातात दिली जात, आणि झाकणातून एकेक जण उजेडात डोळे मिचकावत वर येई. सहा आठवडे स्वतःचा वास त्यांना कळलेला नसे. धक्क्यावरच्या माणसांनी एक पाऊल मागे घेतलेलं दिसलं की मग कळे.